समेवर खाली

कुवेतमध्ये माझा पहिला गोंधळ जिन्यात झाला. जावई समीरराव यांनी मला अबू हलीफाच्या त्यांच्या इमारतीपाशी उतरवलं, "बाबा, तिसरा मजला, डावीकडचं दार," असं सांगितलं आणि ते गाडी लावायला गेले. लिफ्टमध्ये कुणाचा तरी फ्रीज चढत होता, म्हणून मी जिन्याने निघालो. नाशिकच्या शाळेत चाळीस वर्षं तबला शिकवलेला माणूस मी. तीनपर्यंत मोजताना चुकेन असं मला स्वप्नातही वाटलं नसतं.

एक, दोन, तीन मोजले आणि डावीकडची बेल वाजवली. दार एका धिप्पाड, हसऱ्या माणसाने उघडलं. त्याने छातीवर हात ठेवला आणि "तफद्दल, तफद्दल" करत मला आत ओढूनच घेतलं. मला वाटलं, समीररावांचे कुणी स्नेही असतील, माझी मुलगी मंजिरी स्वयंपाकघरात असेल. मी सोफ्यावर टेकलो. बिनदुधाचा भरपूर गोड चहा आला, खजूर आले, तिळाची बिस्किटं आली. दहा मिनिटं आम्ही दोघं एकमेकांकडे बघून माना डोलावत होतो. मंजिरी काही बाहेर येईना.

शेवटी आतून कुरळ्या केसांची, पंधरा-सोळा वर्षांची एक मुलगी आली, माझ्याकडे आणि बॅगेकडे बघून तिने टाळीच वाजवली. "यू आर इराज ग्रँडफादर! डिड यू ब्रिंग माय ब्रशेस?"

इरा माझी नात. ही तिची मैत्रीण नूर, घर इजिप्तच्या लोकांचं, आणि मी दुसऱ्या मजल्यावर बसलो होतो. इथे तळमजल्याच्या लगेच वर जो मजला येतो त्याला मेझनीन म्हणतात आणि तो मोजायचा नसतो. एक त्याच्यानंतर सुरू होतो. पुढच्या आठवड्यात मला कळत गेलं की या देशात एक नेहमी भलतीकडेच असतो. शुक्रवार-शनिवारी सुट्टी, रविवारी सकाळी सगळे टाय लावून कामावर. गाड्या उजवीकडून, त्यामुळे रस्ता ओलांडताना मी नेमका रिकाम्या बाजूला बघायचो.

आता ब्रशांचं. निघण्याआधी मंजिरीचा निरोप आला होता, "बाबा, इराच्या ग्रुपला ड्रमसाठी दोन ब्रश हवेत. येताना आणा. इथे मिळत नाहीयेत." आमच्या नाशकात ड्रम म्हणजे पाण्याचा निळा ड्रम. एक दिवसाआड पाणी येतं, त्यामुळे घरोघरी दोन तरी असतातच. मुलींच्या ग्रुपला ड्रम घासायचे ब्रश कशाला हवेत, असा प्रश्न मला पडला, नाही असं नाही. पण शाळेत स्वच्छतेचे काहीतरी उपक्रम असतात. मी भद्रकालीत जाऊन लांब दांड्याचे, निळ्या केसांचे दोन भक्कम ब्रश आणले आणि ते बॅगेत मावावेत म्हणून चिवड्याचा एक डबा घरीच ठेवला.

तिसऱ्या मजल्यावर, खऱ्याखुऱ्या तिसऱ्या मजल्यावर, मी बॅग उघडून ते दोन्ही बाहेर काढले तेव्हा मंजिरी हसून हसून जमिनीवर बसली. माझ्याबरोबर वर आलेल्या नूरने एक ब्रश पुष्पगुच्छासारखा छातीशी धरला. ड्रम म्हणजे वाजवायचा ड्रम आणि ब्रश म्हणजे पोलादी तारांचा, हातपंख्यासारखा उलगडणारा, काठीऐवजी त्याने वाजवतात, हे मला तेव्हा समजलं. इरा मात्र हसली नाही. "इट्स फाइन, आजोबा," म्हणाली आणि खोलीत गेली.

मला ते लागलं. खरं सांगायचं तर मी कुवेत बघायला गेलोच नव्हतो. इरा दहा वर्षांची होईपर्यंत दर रविवारी मी तिला व्हिडिओ कॉलवर ताल शिकवायचो. ती पलीकडे मांडी घालून हातावर टाळ्या द्यायची, मी इकडून चुका काढायचो. मग रविवारी तिला दुसरं काहीतरी असायला लागलं. मग मी मराठीत विचारायचो आणि ती इंग्रजीत एका शब्दात उत्तर द्यायची. पाच वर्षं हे असं चाललं होतं. नातीशी बोलावं एवढ्यासाठी मी त्या वाळवंटात उतरलो होतो.

जेवताना समीररावांनी खरी गोष्ट सांगितली. इरा आता अकरावीत जाणार, इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचे क्लास सुरू होणार. "बाबा, दोन्ही नाही झेपायचं. पियानो बंद करावा लागेल. ती ऐकत नाही, म्हणून आमचं एक ठरलंय. शुक्रवारी अब्बासियात आपल्या मराठी लोकांचा मेळावा आहे, तिथे तिने वाजवायचं. लोक शेवटपर्यंत बसले, तर पियानो राहील. उठून गेले, तर बारावीपर्यंत झाकण बंद."

"वाजवणार काय?"

"जॅझ."

मी झांज असंच ऐकलं. म्हटलं, मग काय प्रश्न आहे, आमच्या ढोलाबरोबर झांज म्हटली की लोक जागचे हलत नाहीत. यावर इरा पहिल्यांदा हसली, पण ते हसू काही चांगलं नव्हतं.

सोमवारी संध्याकाळी दिवाणखान्यात तालीम होती. पियानोवर इरा, एका छोट्या ड्रमवर नूर, आणि बेस गिटारवर ॲना नावाची केरळची एक शांत मुलगी. मंजिरीने कोपऱ्यातल्या बकाल्यातून, म्हणजे इथल्या वाण्याच्या दुकानातून, गरम खुब्ज आणली होती. ती फुगलेली, आपल्या तंदुरीपेक्षा मऊ रोटी चहात बुडवून खाता येते, हा माझा शोध तिथे कुणाला आवडला नाही.

इराने मला भराभर समजावलं. तिने स्वतः आठ ओळींची एक धून बांधली होती. तीच धून पाच वेळा वाजणार, पाच पिढ्यांच्या पद्धतीने. आधी स्विंग, मग बीबॉप, मग कूल, मग मोडल, शेवटी फ्री, आणि तिथून परत स्विंगवर. हे सगळं इंग्रजीत आणि इतक्या वेगाने सांगितलं की मी "अच्छा, अच्छा" म्हणत राहिलो आणि माझ्या हाती फक्त पाच हा आकडा लागला.

वाजवायला लागल्या. पहिली दोन मिनिटं मला बरं वाटलं. चार-चार मात्रांचा सरळ मामला होता. माझे हात आपोआप सुरू झाले. आपल्याकडे तालाच्या पहिल्या मात्रेला सम म्हणतात. गाणारा कुठेकुठे हिंडून समेवर उतरतो, आपण तिथे टाळी देतो आणि मान हलवतो. मी एकवर टाळी दिली, तीनवर दिली, परत एकवर. इराने एक सुंदर तान घेतली आणि ती जिथे उतरायला हवी तिथे मी जोरात "वाऽ!" म्हणालो. ती तिथे उतरलीच नाही. पुढे निघून गेली. नूरचे हात अडखळले, ती माझ्या टाळीकडे ओढली गेली, ॲना थांबली, आणि सगळं कोसळलं.

"आजोबा, प्लीज!" इरा ओरडली. "यू आर क्लॅपिंग ऑन द राँग बीट!"

चाळीस वर्षं मी पोरांच्या टाळ्या दुरुस्त केल्या. ज्या मुलीला पहिली टाळी मी शिकवली ती मला म्हणत होती, आजोबा तुमची टाळी चुकते. राग आला, पण त्याहून जास्त मी गोंधळलो. एकवर टाळी चूक असेल तर बरोबर कुठे? विचारायची सोय नव्हती, कारण इरा डोळे पुसत खोलीत निघून गेली होती.

मी एक ठरवलं. ही चूक मला दुरुस्त करता येत नसली तरी ब्रशची करता येईल.

फहाहील

मंगळवारी मंजिरीने मला कामावर जाताना फहाहीलला सोडलं. समुद्राकाठचं गाव, मोठा बाजार, तेलाच्या कंपन्यांतली माणसं इथे खरेदीला येतात. हवेत चांगला गारवा होता आणि मला वाळवंटात स्वेटर घालावा लागतोय याची गंमत वाटत होती. दुकानदाराला समजावं म्हणून पिशवीत मी ड्रमचे ते दोन निळे ब्रश घेतले होते. हे नको, पण याच्या नात्यातलं काहीतरी हवंय, असं दाखवायला. तीन दुकानं झाली. एकाने मला झाडू दाखवले. दुसऱ्याने दाढीचे ब्रश काढले. तिसऱ्याने मलाच ब्रशांची किंमत विचारली.

दमून मासळीबाजारापाशी बाकावर बसलो. आत झुबेदी नावाखाली पापलेटं मांडून ठेवली होती, आपल्याकडचा कोळणींचा आरडाओरडा मात्र अजिबात नव्हता. पापलेट इतक्या शांततेत विकलेलं मी पहिल्यांदाच बघितलं. मी मंजिरीला फोन करून कपाळाला हात लावला, "अगं, इथे कुणाला ड्रमचा ब्रश म्हणजे काय हेच कळत नाही!"

शेजारी पांढऱ्या टोपीतले एक सत्तरी उलटलेले गृहस्थ बसले होते. त्यांनी पिशवीत डोकावून बघितलं. "नाशिककडचं काय तुमी?"

मी चकित झालो. "तुम्हाला कसं कळलं?"

"नाशिक नाय कळला, पिशवीवर लिवलाय. पन 'अगं' म्हटलात तवा कान टवकारला." ते रत्नागिरीकडचे निघाले. इब्राहिमभाई. मुलाचं इथे पडद्यांच्या कापडाचं दुकान, त्याच्याकडे राहतात. मी त्यांना ब्रशाची कथा सांगितली, कारण इतक्या दिवसांत माझं पूर्ण वाक्य शांतपणे ऐकून घेणारा हा पहिला माणूस होता. ते आधी हसले, टोपी काढून डोकं पुसलं, परत हसले. मग टोपी परत घातली.

"तारांचं ब्रश ना? मिटतात न् उघडतात? चला."

दुकानाच्या मागच्या खोलीत कापडाच्या गठ्ठ्यांच्या वर एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. त्यात जुनी कागदपत्रं, एक घड्याळ, आणि रुमालात गुंडाळलेले तारांचे दोन ब्रश. रबरी मुठी झिजून गुळगुळीत झाल्या होत्या.

इब्राहिमभाई तरुणपणी मुंबईच्या एका हॉटेलात बँडमध्ये ड्रम वाजवायचे. बँडचे मास्तर गोव्याचे. "घरी म्हायत नव्हता. अब्बांना सांगितलेला, बोटीवर नोकरी हाय. दर म्हैन्याला कार्ड टाकायचो. एकदा लिवला, आमची बोट एडनला लागली, आनि कार्डावर शिक्का भायखळ्याचा."

"मग?"

"मग काय, अब्बा सवताच आले. तिथून थेट कुवेत." यावर ते हसले, पण ब्रश हातातून खाली ठेवले नाहीत.

मी त्यांना इराच्या पाच पिढ्यांबद्दल विचारलं. मला ते पाचही शब्द नीट सांगता आले नाहीत, पण त्यांनी माझ्या तोंडातून ते ओळखले. डबा उपडा केला, गुडघ्यांत धरला आणि सांगायला बसले. हातांनी वाजवत, तोंडाने सांगत.

पहिला स्विंग. अमेरिकेतले मोठमोठे बँड, पंधरा-वीस जण, लोक नाचायला यायचे आणि वादकांनी त्यांना नाचवायचं. "वाढप्याचा काम. पंगत उठेपर्यंत वाढत ऱ्हावा." पण त्या बँडांत काही तरणी, डोकेबाज पोरं होती. कृष्णवर्णीय वस्तीतली, रोज तेच तेच वाजवून कंटाळलेली. पंगत उठल्यावर आचारी आपल्यासाठी दोन पानं मांडतात, तशी ती काम संपल्यावर लहानशा जागेत जमायची आणि आपल्यासाठी वाजवायची. इतक्या वेगात, इतक्या वाकड्या वाटांनी, की कुणाला नाचता येऊ नये. तो बीबॉप. मास्तर त्या रेकॉर्डी खलाशांकडून मिळवायचे आणि चकती अर्ध्या वेगाने फिरवून एकेक सूर कागदावर उतरवायचे. "आठ दिवसात एक पान. आनि आमी ता वाजवला की समोरचे सायब जेवत ऱ्हायचे."

"मग कूल?"

"धावून धावून दम लागला ना. मग हळू फुंकायला लागले. जागा सोडून." ब्रश डब्यावर असे फिरले की कुणी पलीकडच्या खोलीत तांदूळ पाखडतंय असं वाटावं. पुढे आणखी काहींना वाटलं, दर चार मात्रांना स्वरांची चौकट बदलायची ही कटकट कशाला? एकच थाट धरावा आणि त्यातच राहावं, हिंडावं. तो मोडल.

मी उडालोच. "अहो, म्हणजे राग!"

"राग नाय," इब्राहिमभाई म्हणाले. "पन शेजारी ऱ्हातो."

"आणि फ्री म्हणजे?"

"धून सोडली, ताल सोडला, सगळा सोडला. लोक बोलले, यांना वाजवता येत नाय. आमचे मास्तरपन बोलले."

"मग त्यात उरलं काय?"

"एकमेकांचा ऐकायचा. आनखी काय."

प्रत्येक पिढीने आधीच्या गुरूला रडवलं, असा याचा अर्थ मी काढला. आपल्या घराण्यांतही हेच झालंय, फक्त आपण ते उघड बोलत नाही. पण माझा मुख्य प्रश्न राहिलाच होता. मी भीतभीत विचारलं, "टाळी कुठे द्यायची?"

"दोनवर न् चारवर. पायानं वाजवायच्या थाळ्या तितंच मिटतात."

"मग एकचं काय?"

"एक मनात. एक बोलून दाखवायचा नाय. दाखवलात की नाच मेला."

मी पंधरा मिनिटं प्रयत्न केला. माझे हात एकवर जात होते. बैलाला नव्या गोठ्यात बांधावं तसे ते पुन्हा पुन्हा जुन्या दिशेला ओढ घेत होते. इब्राहिमभाईंनी शेवटी हात जोडले. ब्रश रुमालात गुंडाळून माझ्या हातात ठेवले. मी नको नको म्हणालो तर म्हणाले, "त्या पोरीला द्या. डब्यावर वाजवून मी काय मोठा व्हनार हाय आता?" बदल्यात त्यांनी माझे निळे ब्रश ठेवून घेतले. गच्चीवरच्या टाकीला लागतील म्हणून.

परतीला मंजिरीच्या गाडीत मी मांडीवर हात चालवत बसलो होतो. एक मनात. बरं, मनात, पण हाताने काय करायचं तेव्हा? रिकामा हात कुठे ठेवू? मी नकळत तो उलटा करून बाजूला नेला. आपण खाली दाखवतो तसा. तालात ज्या मात्रेवर टाळी नसते, हात नुसता हवेत उलटा करायचा असतो, ती खाली. एक खाली, दोन टाळी, तीन खाली, चार टाळी. आणि हात चालला! बिनचूक चालला!

"रूपक!" मी ओरडलो.

मंजिरीने गचकन ब्रेक मारला. "कुठे? कोण रूपक?"

शाळेत तिच्या वर्गात त्या नावाचा एक मुलगा होता, तो तिला आठवला. मी सांगितलं, अगं ताल रूपक. सात मात्रांचा. आपल्या बाकीच्या तालांत समेवर टाळी असते, एकट्या रूपकात समेवर खाली. पहिलीच मात्रा, सगळ्यात महत्त्वाची, आणि तिथे आवाजच करायचा नाही. हे मी हजार पोरांना शिकवलंय. इरालाही शिकवलं होतं, ती आठ वर्षांची असताना, आणि ती चिडून म्हणाली होती, "पण आजोबा, पहिल्या नंबरला टाळी का नाही?"

घरी गेल्यावर इराच्या दारावर टकटक केली. "इरा, ऐक ना, मला सापडलं!"

आतून आवाज आला, "आजोबा, आफ्टर फ्रायडे. प्लीज."

ब्रश मी दुसऱ्या मजल्यावर नूरला देऊन आलो. या वेळी न चुकता. परत चहा प्यावा लागला.

अब्बासिया

शुक्रवार. अब्बासियात शिरल्यावर मला क्षणभर आपण घरी आलो असं वाटलं. दुकानांवर हिंदी आणि मल्याळम पाट्या, कढीपत्त्याच्या जुड्या, बाल्कन्यांत सुकणाऱ्या लुंग्या, कंपन्यांच्या बसगाड्या. शाळेच्या सभागृहात चारशे-पाचशे मराठी माणसं. दारात साबुदाणावडे, आत लेझीम, मग एका पुण्याच्या इंजिनिअरने म्हटलेलं नाट्यपद. मंजिरी मुलींबरोबर पडद्यामागे, मी आणि समीरराव तिसऱ्या रांगेत. ते घडोघडी मागे वळून बघत होते. लोक बसलेत की उठलेत, तेच मोजत असावेत.

"आता इरा आणि तिच्या मैत्रिणी सादर करत आहेत, वेस्टर्न डान्स!" निवेदक म्हणाले. तीन मुली वाद्यांपाशी जाऊन बसल्या तेव्हा लोक त्यांच्या उठून नाचण्याची वाट बघत राहिले.

स्विंग चांगला झाला. पोरं डोलली. बीबॉप सुरू झाला तशी मागे खुर्च्या वाजल्या, दोन-तीन कुटुंबं वड्यांकडे गेली. समीररावांनी माझ्याकडे बघितलं, मी स्टेजकडे. कूलमध्ये नूरच्या हातातले इब्राहिमभाईंचे ब्रश इतके हळू फिरत होते की सभागृह आपोआप गप्प झालं. मोडल आला आणि माझ्यामागच्या बाईंनी शेजारणीला सांगितलं, "हे जरा यमनासारखं नाही गं?" मी मागे वळून त्यांना नमस्कार करणार होतो.

मग फ्री. तिघींनी धून सोडली, ताल सोडला. ब्रश द्यायला गेलो तेव्हा नूरने सांगितलं होतं, बत्तीस मात्रा प्रत्येकीने मनात मोजायच्या आणि एकदम परत स्विंगवर यायचं. मला जमण्यासारखं तेवढंच होतं, म्हणून मी मोजायला लागलो.

आणि तेव्हाच ते झालं. लोकांना वाटलं, पोरी चुकल्या. घाबरल्या बिचाऱ्या. आपली माणसं मनाने चांगली, त्यांना पोरींची दया आली. कुणीतरी ओरडलं, "चालू दे, चालू दे बाळांनो!" आणि पहिल्या रांगेतल्या काकूंनी मुलींना आधार म्हणून टाळ्या धरल्या. आरतीला धरतात तशा. बघता बघता सगळं सभागृह टाळ्या देऊ लागलं, एकदिलाने, प्रेमाने, आणि अगदी माझ्यासारखं चुकीच्या जागी.

मुलींची मोजणी मोडली. नूरने ब्रश उचलून धरले, ते खाली येईनात. ॲनाने इराकडे बघितलं. इराचे हात पट्ट्यांवर थांबलेले, चेहरा पांढरा पडलेला. एक कुठे आहे ते तिघींपैकी कुणालाच माहीत नव्हतं. समीरराव हळूच म्हणाले, "संपलं वाटतं."

एक कुठे आहे ते मला माहीत होतं. मला दुसरं काही येत नाही, पण पाचशे माणसांच्या टाळ्यांत आपली लय धरून बसणं येतं. मी उठून उभा राहिलो. तिसऱ्या रांगेत, सगळ्यांसमोर. उजवा हात डोक्याइतका वर घेतला. एक, हात उलटा, खाली. दोन, टाळी. तीन, खाली. चार, टाळी. मोठ्ठी, शाळेत द्यायचो तशी.

"अहो गुरुजी, बसा," मागून कुणी बाही ओढली. "तुमच्यामुळे पोरी गडबडतायत. ताल चुकतोय तुमचा!" दुसरा कुणीतरी हसला. मला ऐकू येत होतं. कान गरम झाले होते. लय ढळू दिली नाही. खाली, टाळी, खाली, टाळी.

इराने मान वर केली. तिने माझा हात बघितला. तो हवेत उलटा होणारा हात तिने पाच वर्षांत बघितला नव्हता. तिच्या ओठांची हालचाल मला दिसली, ती मोजत होती. पुढच्या एकवर तिचा उजवा हात किंचित उलटा झाला आणि लगेच पट्ट्यांवर पडला. नूर आली, ॲना आली, आणि ती साधी आठ ओळींची धून सगळ्या गोंगाटातून धुतल्यासारखी परत बाहेर आली.

माझ्या शेजारी टाळी वाजली. दोनवर. समीरराव उभे राहिले होते. पुढची त्यांची चुकली, तिसरी बरोबर आली. मग मागच्या त्या यमनवाल्या बाई. सगळं सभागृह काही वळलं नाही, निम्मे लोक शेवटपर्यंत आरतीच धरून होते. पण उठून कुणी गेलं नाही, आणि वड्यांकडे गेलेले दारात उभे राहून ऐकत होते.

कार्यक्रमानंतर मेळाव्याच्या कार्यकर्त्यांपैकी एकांनी मला बाजूला घेतलं आणि फार आदराने सांगितलं, "गुरुजी, वाईट वाटून घेऊ नका. वयोमानाने होतं असं. हात ऐकत नाही." मी म्हणालो, "हो, वय झालं." त्यांनी माझ्यासाठी दोन वडे बांधून दिले.

गाडीत इरा नेहमी पुढे बसते, कानात यंत्रं घालून. त्या दिवशी ती मागे माझ्या शेजारी बसली. मंजिरी पुढे. मग समीरराव आरशात बघून म्हणाले, "क्लास शनिवारी असतो. शुक्रवार सगळा मोकळाच असतो की तुझा." इराने माझा हात स्वतःच्या मांडीवर घेतला, तळवा वर केला, आणि त्यावर दोन बोटांनी हळूहळू टाळ्या द्यायला लागली. सात मात्रा. पहिलीवर तिने बोटं टेकवलीच नाहीत, हवेत उलटी केली.

"आजोबा," ती म्हणाली, मराठीत, "तुम्ही मला कधी सांगितलंच नाही, पहिल्या नंबरला टाळी का नाही ते."

अबू हलीफा येईपर्यंत मी तिला सांगत होतो. तिने परत परत विचारलं. खरं कारण मलाही माहीत नाही, हे मी तिला अगदी शेवटी, जिन्यात सांगितलं.